बाबारावचा बंद नंबर

नेरच्या बसस्टँडमागं, जिथं आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे, तिथं सहा वर्षं एक पत्र्याची पाटी टांगलेली होती. पाटीवर निळ्या रंगात 'बाबाराव सायकल रिपेअर' एवढंच लिहिलेलं आणि त्याखाली, नावाहून मोठ्या आकड्यांत, मोबाईलचा नंबर. पाटी संघदीपनं रंगवली होती. तेव्हा तो नववीत होता. शेवटचे दोन आकडे ओळीत मावले नाहीत, म्हणून त्यानं ते खाली तिरपे काढले. बाबाराव मुनेश्वर गिऱ्हाइकाला ती पाटी मुद्दाम दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्या संघदीपनं काढली. आकडे घसरून राह्यले, पण फोन बराबर लागते."

बाबारावांची एक रीत होती. पंक्चर असो की चेन, सायकल दुरुस्त झाली की ते स्वतः तिच्यावर बसत आणि मार्केट यार्डच्या फाटकापर्यंत जाऊन परत येत. घाईचं गिऱ्हाईक कुरकुर करी. बाबाराव ऐकत नसत. "जाग्यावर चाक फिरते न, ते मलेही दिसते," ते म्हणत. "पण तुले घरी जायचं आहे. जाग्यावर बसाचं नाही."

तीन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, बाबाराव गेले. दुकान गेलं. पाटी भंगारात गेली, तिच्यासमोर उभ्या असलेल्या बाबारावांचा जुना फोटो तेवढा संघदीपकडं उरला. वडिलांचा साधा मोबाईल आईनं ट्रंकेत, पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवला. त्यातल्या सिमला पुन्हा कोणी रिचार्ज मारला नाही. संघदीपच्या फोनमध्ये मात्र तो नंबर 'बाबा' या नावानं तसाच राहिला. असे नंबर कोणी पुसत नाही.

संघदीप यवतमाळला बीएस्सी झाला आणि दोन वर्षं रिकामा राहिला. त्या दोन वर्षांत त्यानं मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर, मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम शिकून घेतलं. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून चुका सांगायलाही कोणी नव्हतं. त्या त्यानं स्वतःच शोधल्या, आणि त्यातूनच चुका शोधण्याची त्याला आवड लागली. मग लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर अकरा माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी होती, तिथं तो लागला. नोकरी वर्षभराच्या परीक्षेवर. वर्ष नीट गेलं तर कायम.

कंपनीकडं तेव्हा एकच मोठं काम होतं. यवतमाळात एका धर्मादाय संस्थेचं डायलिसिस केंद्र होतं. मशिनी नऊ, आणि मूत्रपिंड निकामी झालेली माणसं जिल्हाभरातून येणारी. मशीनवर कायमची जागा मिळायची तर यादीत नाव लावून वाट पाहावी लागे. ती यादी वहीत होती. ती कंप्युटरवर आणायची आणि पाळी लागली की पेशंटला आपोआप मेसेज जायचा, असं काम होतं.

ही यादी जिथं राहणार ते सर्व्हर लोहाऱ्यात नव्हते. ते मुंबईकडं कुठल्यातरी इमारतीत भाड्यानं घेतलेले, तीन, एकमेकांना बांधलेले. त्याला क्लस्टर म्हणत. एक बसला तर उरलेल्या दोघांनी काम ओढायचं. असे दोन क्लस्टर होते: एक खरा, त्यात खरी माणसं, दुसरा हुबेहूब त्याच्यासारखा, पण नकली, टेस्टसाठी. संघदीप त्या नकली क्लस्टरवर एक बनावट पेशंट सोडायचा. पेशंट नोंदणी करी, डॉक्टरची मंजुरी घेई, रांगेत उभा राही, पुढं सरके. त्याची पाळी लागे, त्याला मेसेज जाई. कधी तो हजर राही, कधी गैरहजर. गैरहजर राहिला तर काय व्हावं, तेही तपासायचं. अशा चाळीस टेस्ट. पार पडली ती हिरवी, अडली ती लाल. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एका दमात चालायचं, म्हणून याला एंड टू एंड म्हणत. संघदीपला ते शिकवावं लागलं नाही. त्यानं ते मार्केट यार्डच्या फाटकापर्यंत जाताना आणि येताना पाहिलं होतं.

या कामाचे प्रमुख सलील सर. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, घर शहराच्या जुन्या भागात. बोटं स्वच्छ, बोलणं स्वच्छ. आवाज ते कधी चढवत नसत. त्याची गरज त्यांना आयुष्यात पडली नव्हती. टेस्टची फेरी अर्ध्यावर आली की ते मागं येऊन उभे राहत आणि तीनपैकी एक सर्व्हर मुद्दाम बंद करायला लावत. "आता पाडा एक," ते हसून म्हणत. "बघू बाकीचे दोघे रडतात का."

अडचण चाळिसाव्या टेस्टची होती. शेवटी मेसेज जायचा आणि तो पोहोचल्याची पावती मेसेज कंपनीकडून परत यायची. त्यासाठी एक नंबर हवा. कर्मचाऱ्यांचे स्वतःचे नंबर वापरायचे नाहीत, हा सलील सरांचा नियम. नवं सिम मागितलं तर ते "बघू" म्हणत आणि बघत नसत. तेव्हा ऑफिसात एक रीतच पडली होती. जो तो आपल्या घरातला एखादा बंद पडलेला नंबर टेस्टला द्यायचा. कोणाच्या आजीचा, कोणाच्या हरवलेल्या फोनचा. बंद नंबरवर मेसेज गेला तर कोणाला त्रास नाही. पावती मात्र येत नसे, आणि चाळिसावी टेस्ट कायम लाल राही. सगळ्यांनाच त्या एका लालची सवय झाली होती.

संघदीपनं बाबारावांचा नंबर दिला.

केंद्राच्या विश्वस्तांनी सांगितलं की चाळीसच्या चाळीस हिरव्या दाखवा, मगच पुढं. त्या दिवसापासून सलील सर दर सोमवारी, पूर्ण फेरीच्या दिवशी, संघदीपच्या खुर्चीमागं फेरी संपेपर्यंत उभे राहू लागले.

"एकोणचाळीस," ते म्हणत. "पस्तीस टक्क्यांना पास होण्याची सवय असेल, तर एकोणचाळीस पुष्कळ वाटतात. इथं तशी सवलत नाही, मुनेश्वर."

शेजारी बसणारी पायल स्क्रीनकडं पाहत राही. बाकीचे हसत. फार नाही, सरांना ऐकू जाईल एवढं. संघदीपला ऐंशी टक्के होते. ते त्यानं तिथं कधी सांगितलं नाही.

मार्चच्या पहिल्या सोमवारी चाळिसावी टेस्ट हिरवी झाली.

त्यानं पुन्हा चालवून पाहिली असती तर बरं झालं असतं. पण पायल ओरडलीच, "अरे, झाला न तुझा हिरवा," आणि सलील सर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी स्क्रीन पाहिली. चाळीस ओळी, एकावर एक, कोवळ्या गव्हासारख्या.

"काय केलंस?"

संघदीपनं काही केलं नव्हतं. तीन वर्षं बंद असलेल्या नंबरनं मेसेज घेतला होता. त्यानं विचारायला हवं होतं की कोणी घेतला. त्याच्या बापानं सायकल खाली ठेवून चाकाकडं पाहत बसकण मारली असती. पण सलील सर पहिल्यांदाच त्याच्याकडं पाहत होते, स्क्रीनकडं नाही.

"एक सेटिंग चुकली होती, सर. दुरुस्त केली."

"शाब्बास. यापुढं पूर्ण फेरी तूच चालवायची."

त्या संध्याकाळी त्यानं नेरला आईला फोन केला आणि फेरी आपल्याकडं आल्याचं सांगितलं. आईला फेरी म्हणजे काय ते कळलं नाही, पण तिनं शेजारणीला सांगितलं.

दुसरा सोमवार हिरवा गेला. तिसराही. तिसऱ्या सोमवारनंतरच्या मंगळवारी सलील सरांनी संघदीपला केंद्रावर पाठवलं. काउंटरवरच्या सुनीतीताईंना नवी यादी कशी हाताळायची ते दाखवायचं होतं.

सकाळी साडेआठला फाटकापाशी गलका झाला. चौकीदार एका म्हाताऱ्याला आडवा हात लावून उभा होता. म्हाताऱ्याच्या डोक्याला लाल पटका, खांद्यावर नायलॉनची पिशवी. त्याच्यामागं पायरीवर एक बाई बसली होती. तिचे पाय मडक्यासारखे सुजलेले. उजव्या हातावर पांढऱ्या बांगड्यांची चळत, मनगटापासून वर गेलेली, बंजारा तांड्यावरच्या जुन्या बायका घालतात तशी. डावा हात मोकळा. सुई लावण्यासाठी तिथल्या बांगड्या काढल्या होत्या, आणि त्या जागी कातडी फिकट, लाजल्यासारखी दिसत होती.

"आला पाहा बाप्पा तुमचा मंगळवार," चौकीदार काउंटरकडं पाहून म्हणाला. "आज तिसरी खेप. बस आर्णीहून सुटते का यायच्या घरून, काय मालूम."

"येऊ द्या आत," सुनीतीताई म्हणाल्या आणि संघदीपकडं वळल्या. "भावसिंग आडे. बायकोचं नाव यादीत आहे, केसलीबाई. चौदावा नंबर. तीन मंगळवार झाले, येतात आणि म्हणतात पाळी लागली. आता हे ऐकून घ्या तुम्ही. तुमचं कंप्युटर आहे."

भावसिंगनं पिशवीतून फोन काढला. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर रबर. त्यानं तो काउंटरवर असा ठेवला, जणू फोनच काय ते बोलणार होता.

"काका, चौदावा नंबर आहे तुमचा," सुनीतीताई म्हणाल्या. "मागच्या वेळी सांगितलं, त्याच्या मागच्या वेळी सांगितलं. कानात काही घालून येता का?"

"मले वाचता येत नाही, ताई. मास्तरनं वाचून देल्लं. तिन्ही खेपेले मास्तरनंच वाचलं. पाळी लागली म्हणे. नऊ वाजता म्हणे. मास्तर कायले खोटं बोलन?"

संघदीपनं फोन हातात घेतला. मेसेज होता: 'आपली पाळी लागली आहे. उद्या सकाळी नऊ वाजता केंद्रावर हजर राहावे. टोकन ७.' खाली केंद्राचं नाव. पेशंटचं नाव नव्हतं. मराठी अक्षरांचा मेसेज लांबला की तो दोन मेसेजांत मोडतो, म्हणून नाव गाळायचं सलील सरांनीच ठरवलं होतं.

टोकन सात. त्याच्या बनावट पेशंटचं टोकन सात होतं.

"काका, नंबर काय तुमचा?"

भावसिंगला वाचता येत नव्हतं, पण नंबर पाठ होता. तांड्यावर नवीन सिम घेतलं की माणूस आधी नंबर पाठ करतो. तो डोळे मिटून, दोन-दोन आकडे करून सांगू लागला. सहाव्या आकड्यालाच संघदीपला पुढचे चार कळले होते. तरी तो ऐकत राहिला. शेवटचे दोन आकडे आले तेव्हा त्याला ते खाली, तिरपे, निळ्या रंगात दिसले.

"हे सिम कधी घेतलं?"

"झाले असन तीन हप्ते. आर्णीले घेतलं, ताईले यादीतही हाच देल्ला. काहून, सिम खराब आहे का?"

बंद पडलेला नंबर कंपनी कोणा दुसऱ्याला देते, हे संघदीपला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. पण बाबारावांचा नंबर कोणा दुसऱ्याच्या खिशात वाजू शकतो, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. नकली क्लस्टरमध्ये सगळंच नकली होतं: पेशंट, डॉक्टर, मशीन. तिथून बाहेर पडणारी एकच गोष्ट खरी होती, तो मेसेज. आणि तो दर सोमवारी पन्नास किलोमीटरवरच्या एका तांड्यावर जाऊन या दोघांना उठवत होता.

त्यानं बाईकडं पाहिलं. ती पायरीवरून उठून दाराशी आली होती आणि चौकटीला धरून उभी होती. तिनं भावसिंगला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. भावसिंगनं हातानंच थांब म्हटलं.

"येताना मोटरसायकलवर आर्णीपावतर आणली," तो संघदीपला म्हणाला. "पाणी मांगते रस्त्यानं. दोन गिलासाच्या वर द्याचं नाही, डॉक्टर म्हणते. उद्या पाळी आहे, मंग पी म्हणलं पोटभर, असं सांगतलं मी तिले. काल पेली ते."

संघदीपची नोकरीची परीक्षा सव्वा महिन्यानं संपत होती. इथं, सुनीतीताईंसमोर, तो म्हणाला असता की मेसेज माझे आहेत, तर ते दुपारपर्यंत विश्वस्तांपर्यंत आणि संध्याकाळपर्यंत सलील सरांपर्यंत गेलं असतं. त्यानं फोन परत दिला.

"काका, कंपनीचे असे मेसेज येतात कधी कधी. ते खोटे असतात. त्यांच्याकडं लक्ष नका देऊ."

"मंग खरा कसा वळखाचा?"

भावसिंग वाट पाहत होता. त्याचे डोळे पिवळट, शांत होते, आणि समोरचा सांगेल ते घेऊन जायची त्यांची तयारी होती.

"खरी पाळी लागली की फोन येईल," संघदीप म्हणाला. "माणूस बोलेल तुमच्याशी. मेसेजवर यायचं नाही. फोन आला की यायचं."

"फोन आला की याचं," भावसिंगनं एकदा घोकलं, नंबर घोकल्यासारखं. मग फोनला रबर लावलं आणि तो बायकोला घेऊन फाटकाबाहेर गेला. चौकीदार मागून म्हणाला, "पुढच्या मंगळवारी चहा ठेवतो, बुवा." भावसिंग वळून हसला. त्याला ते आमंत्रण वाटलं.

सुनीतीताईंनी संघदीपकडं पाहून मान हलवली. "बरं समजावलंत. आमचं ऐकतच नव्हते."

केंद्रावरून फोन करण्याची पद्धत बंद व्हावी, यासाठीच तर हे सगळं कंप्युटरवर आणलं होतं. हे संघदीपला पक्कं ठाऊक होतं. त्यानं ठरवलं, फोन आपण करू. चौदावा नंबर आहे, जूनच्या मध्यापर्यंत लागेल. यादीवर आपलं लक्ष आहेच.

त्याच दुपारी त्यानं टेस्टमधून बाबारावांचा नंबर काढला. आता त्या नंबरवर खोटा मेसेज जाणं शक्य नव्हतं. पुढच्या सोमवारी चाळिसावी टेस्ट लाल झाली.

सलील सर खुर्चीमागं उभे राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, हळू म्हणाले, "दुरुस्त करणं आणि दुरुस्त झालेलं दिसणं यात फरक असतो. तुझ्या वडिलांचं काय होतं रे? सायकलचं दुकान ना? मग बरोबर. ठिगळ लावून सोडून द्यायचं."

बोलण्यासारखं एकच वाक्य त्याच्याकडं होतं, आणि ते बोललं असतं तर नोकरी गेली असती. त्यानं बाजारातून स्वतःच्या नावानं नवं सिम आणलं, कोणाला न सांगता टेस्टमध्ये घातलं, आणि शुक्रवारी चाळीस हिरव्या दाखवल्या. विश्वस्त आले. सलील सरांनी त्यांच्यासमोर एक सर्व्हर पाडून दाखवला. उरलेले दोघे रडले नाहीत. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या.

एप्रिलच्या शेवटी संघदीप कायम झाला. आईनं नेरला बाबारावांच्या फोटोसमोर, बुद्धाच्या मूर्तीपाशी, कायम झाल्याचं पत्र ठेवून मेणबत्ती लावली. त्याच आठवड्यात सलील सरांनी त्याला दुसऱ्या कामावर टाकलं, कुठल्याशा शाळांच्या हजेरीचं; केंद्राची सोमवारची फेरी तेवढी त्याच्याकडंच राहिली. नवं काम, नवी घाई. केंद्राची यादी तो आधी रोज पाहायचा, मग दोन दिवसांनी, मग आठवड्यानं. मग त्यानं मनाशी जून धरून ठेवला आणि पाहणं सोडलं.

यादी जूनसाठी थांबली नाही. त्या वर्षी उन्हाळा वाईट होता. केसलीबाईच्या वरची तेरा नावं लवकर हलली. काही मशीनवर गेली, काही तशीच गेली.

मेच्या अखेरीस एका सकाळी सलील सर हातात कागद घेऊन आले. ते खुशीत होते.

"मुनेश्वर, तुझी एकतीस नंबरची टेस्ट आठवते? सलग दोनदा गैरहजर, तर नाव यादीतून आपोआप कमी. पहिल्यांदाच खऱ्या पेशंटवर चालली. एक सेकंदही इकडं-तिकडं नाही. विश्वस्तांना कळवतोय."

कागदावर एकच नाव होतं. केसलीबाई भावसिंग आडे. पहिली पाळी मंगळवारी, टोकन ४, गैरहजर. दुसरी संधी गुरुवारी, गैरहजर. शुक्रवारी सकाळी नाव कमी. तीन मेसेज, तिन्ही पोहोचले. पावत्या जोडलेल्या होत्या.

संघदीप जिन्यात गेला. फोन काढला. नंबर शोधायची गरज नव्हती. 'बाबा'वर बोट ठेवलं तेव्हा स्क्रीनवर पाटीसमोर उभे असलेले बाबाराव आले. घंटी वाजू लागली.

"हा, बोला," भावसिंग म्हणाला.

"काका, मी केंद्रावर भेटलो होतो, तो. संघदीप."

भावसिंगचा आवाज बदलला. तो फोन बाजूला धरून, मोठ्यानं, त्यांच्या बोलीत कोणाला तरी हाक मारून सांगत होता. संघदीपला एकच शब्द कळला, 'फोन'. मागून बायकी आवाज आला, बारीक, आणि भांडं सरकल्याचा आवाज.

"आला न तुमचा फोन," भावसिंग परत बोलू लागला. "मी म्हणलंच होतं तिले. तीन मेसेज आले बीचमंधी. मास्तर म्हणे जा, म्हणे लागली पाळी. मी नाही गेलो. मी म्हणलं, फोन येते. कंप्युटरवाल्या साहेबानं सांगतलं आहे. मास्तर हासे मले. निघू का आता? आर्णीची बस भेटते."

संघदीप जिन्याच्या पायरीवर बसला. "नका निघू," तो म्हणाला. "मी सांगतो. थोडं थांबा."

त्यानं सलील सरांना केबिनमध्ये सगळं सांगितलं. बंद नंबर, खोटी सेटिंग, तीन मंगळवार, फोनची थाप. सलील सर मधेच उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे कुठं लिहिलं आहेस का?"

"नाही."

"लिहू नकोस."

"सर, नाव परत वर घेता येईल. तुमच्या पासवर्डनं होतं. आज घेतलं तर उद्या मशीनवर बसेल ती."

"घेता येईल," सलील सर म्हणाले. "पण घेतलं की नोंद राहते. कोणी घेतलं, का घेतलं. उद्या विश्वस्त ती नोंद उघडतील आणि त्यांना कळेल की आपल्या टेस्टचे मेसेज खऱ्या माणसांना जात होते. मग केंद्र जाईल. ही अकरा माणसं जातील." त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "नियम सगळ्यांना सारखा आहे. तूच तपासलास. नवीन नोंदणी कर तिची. आणि मुनेश्वर, तुला मी काढणार नाही. घाबरू नकोस. तू आता कुठं जाणार आहेस?"

संघदीप केंद्रावर जाऊ शकला असता. सुनीतीताईंना सांगू शकला असता, विश्वस्तांच्या दारात उभा राहू शकला असता. केबिनच्या दारापासून स्वतःच्या खुर्चीपर्यंत बावीस पावलं होती. तेवढ्या वेळात त्याच्या मनात हे सगळं येऊन गेलं, आणि आईनं लावलेली मेणबत्तीही येऊन गेली. खुर्चीशी पोहोचल्यावर तो बसला आणि त्यानं नवीन नोंदणी केली. यादीत नंबर लागला अडतीस.

भावसिंगला त्यानं सांगितलं की थोडी गडबड झाली, पुन्हा वाट पाहावी लागेल. भावसिंगनं विचारलं नाही की गडबड कोणाची. "बरं," तो म्हणाला. मग हळू, बहुधा बाजूला जाऊन: "आठ दिवसांतून एक डाव नेतो तिले नागपूरच्या रस्त्यावर, पैसे देऊन मशीनवर बसवाले. तेवढ्यावर भागत नाही. पाय तं पाह्यले तुम्ही."

"काका, यापुढं मेसेज आला की मले फोन करा. कोणताही मेसेज. मी खरं-खोटं सांगतो. हा माहा नंबर आहे."

"मेसेज आला की फोन कराचा," भावसिंगनं घोकलं.

जून गेला. सोयाबीन उगवलं, निंदण झालं. फोन आला नाही, कारण मेसेज गेला नव्हता. संघदीप या वेळी यादी रोज पाहत होता. अडतीस, चौतीस, एकोणतीस. स्वतःहून फोन करावा असं त्याला कधी कधी वाटे. पण फोन केला तर भावसिंगला वाटेल पाळी लागली. निदान स्वतःला तो असंच सांगे. सोमवारी फेरी चालवली की खिशातल्या दुसऱ्या फोनमधलं नवं सिम वाजे आणि त्याला कळवी की आपली पाळी लागली आहे, उद्या सकाळी नऊ वाजता. सिम काढून टाकावं तर चाळिसावी टेस्ट लाल झाली असती. एकवीस, तेरा, सहा.

पोळा होऊन दोन आठवडे झाले होते. सोमवार होता. फेरी अर्ध्यावर होती आणि सलील सर मागं उभे होते. संघदीपचा फोन टेबलावर थरथरला. पायलनं मान वळवून पाहिलं.

"उचल न. बाबांचा फोन आहे तुझ्या."

स्क्रीनवर बाबाराव पाटीसमोर उभे होते. संघदीपनं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं खरी यादी उघडली.

"साहेब, भावसिंग बोलून राह्यलो. मेसेज आला. मास्तर गावाले गेला, कोणी वाचाले नाही. म्हून तुमाले लावला. खरा आहे का खोटा?"

यादीत सगळ्यात वर नाव होतं. केसलीबाई भावसिंग आडे. मंगळवार, सकाळी नऊ, टोकन २.

"खरा आहे, काका," संघदीप म्हणाला. त्याचा आवाज फुटला, आणि तो आनंदानंच फुटला. "शंभर टक्के खरा. उद्या नऊ वाजता घेऊन या तिले. मी स्वतः येतो फाटकावर."

"ते गेली न," भावसिंग म्हणाला. "कराच्या दिवशीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

संघदीपनं यादी बंद केली.

"तुम्ही म्हणलं होतं मेसेज आला की फोन कराचा. म्हून केला." मग भावसिंगनं विचारलं, "मंग आता मले उद्या याचं काम आहे का? सही-बिही?"

"नाही."

"बरं. ठेवतो मंग."

फोन बंद झाला. सलील सर मागून म्हणाले, "घरचं झालं असेल तर पाडा एक." संघदीपनं तीनपैकी एक सर्व्हर बंद केला. उरलेल्या दोघांनी काम ओढलं. ओळी एकेक करून हिरव्या होत गेल्या आणि शेवटी त्याच्या खिशात मेसेज वाजला. चाळीस.

मंगळवारी केसलीबाई गैरहजर लागली. गुरुवारी गैरहजर लागली. शुक्रवारी सकाळी तिचं नाव यादीतून आपोआप कमी झालं, आणि तसं कळवणारा तिसरा मेसेज बाबारावांच्या नंबरवर गेला. त्याची पावतीही आली.